स्ट्रिक्ट ठेवू की एक्स्टेंडेड?

लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर) फाईल सेव्ह करायचा प्रकार साधा, म्हणजे स्ट्रिक्ट, ठेवायचा की एक्स्टेंडेड, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत जिथं जिथं मी लिब्रेऑफिस टाकून दिलं, तिथं कुणी ना कुणी सेटिंगमध्ये शिरतंच आणि मग फोन येतो: "ओडीएफ १.३ पुढं एक्स्टेंडेड लिहिलंय, ते काढून साधं ठेवू का?" ओडीएफ म्हणजे लिब्रेऑफिसच्या फाईलींचं मानक, ठरलेले नियम. शंका नावामुळं येते. एक्स्टेंडेड म्हटलं की दुधात पाणी घातल्यासारखं वाटतं.

मलाही तसंच वाटलं होतं. मार्केट यार्डात हळदीचं एक अडत दुकान आहे. तिथल्या तात्यांची उधारीची शीट मीच करून दिलेली. उधारी जितकी जुनी, तितका रकाना लाल, कॅल्कच्या (लिब्रेऑफिसचं एक्सेल) कलर स्केलनं, म्हणजे आकड्यानुसार आपोआप रंग भरणाऱ्या सोयीनं. एके दिवशी शुद्धतेचं वारं अंगात आलं आणि एक्स्टेंडेड काढून टाकलं. त्याच खिडकीत खाली इशारा होता, की असं केल्यानं माहिती गमावू शकते. वाचला, आणि पुढं गेलो. संध्याकाळी शीट छान दिसत होती. सकाळी उघडली तर सगळी पांढरीफटक. तात्या म्हणाले, "अरे, माझी लाल मंडळी कुठं गेली?"

कॅल्कची ओडीएस फाईल म्हणजे मुळात एक झिप, अनेक फाईलींचं एक गाठोडं. जुनी आणि नवी, दोन्ही फोडून आतली एक्सएमएल, म्हणजे खुणांसह लिहिलेला मजकूर, शेजारी ठेवली. जुन्या फाईलमध्ये कलर स्केलच्या ओळी 'कॅल्कएक्स्ट' अशा उपसर्गानं होत्या, नवीत त्यांचा पत्ताच नव्हता. ओडीएफच्या नियमांच्या पुस्तकात कलर स्केलला जागाच नाही, म्हणून लिब्रेऑफिस ती आपल्या वेगळ्या खणात ठेवतं. असा खण ठेवायला मानकातच परवानगी आहे. त्यामुळं एक्स्टेंडेड म्हणजे नियम मोडणं नव्हे. खणातलं काही पुढं पुस्तकातही येतं. ओपनपीजीपी या सांकेतिक किल्लीच्या पद्धतीनं फाईल कुलूपबंद करायची सोय आधी अशीच खणात होती, १.३ मध्ये मानकात आली.

गोंधळ वाढतो तो मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलमुळं. तिथंही 'स्ट्रिक्ट' आहे, पण त्याच्यासमोर उभं आहे 'ट्रान्झिशनल', जुन्या फाईलींशी जुळवून घेणारा प्रकार, आणि त्याचं ओझं मागचं. वर्डची नेहमीची डॉकएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल ट्रान्झिशनलच असते. एक्सेलच्या हिशोबी १९०० साली २९ फेब्रुवारी होता, खऱ्या कॅलेंडरात नव्हता. असल्या जुन्या चुकाही तिथं सांभाळून घेतल्यात. म्हणजे एकाचं जास्तीचं सामान पुढच्या प्रवासाचं, दुसऱ्याचं माळ्यावरचं. दोन्हींना एकाच नजरेनं बघून "स्ट्रिक्ट चांगलं" म्हणणं, ही माझी चूक होती.

तेव्हा रोजच्या कामाची फाईल एक्स्टेंडेडच राहू द्या. वर्ष संपल्यावर जपून ठेवायची किंवा दुसऱ्याच सॉफ्टवेअरवाल्याला द्यायची प्रत हवी, तर साध्या १.३ मध्ये वेगळ्या नावानं काढा, बंद करा, पुन्हा उघडून बघा. बंद करून उघडायचं विसरू नका. उघडी असते तोवर फाईल काही कळू देत नाही. आणि ती प्रत काढली की सेटिंग परत जागेवर ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशीची रोजची फाईलही तशीच सेव्ह होते.

तात्यांची शीट पुन्हा रंगवायला माझा अर्धा दिवस गेला. मजुरी मागायची हिंमत झाली नाही. अजूनही ते फाईल उघडली की आकडे नंतर बघतात, आधी रंग.