मांडवीच्या काठाने : जुन्या सचिवालयापासून कला अकादमीपर्यंत

पणजीला येणारे बहुतेक पर्यटक मांडवी पाहतात ती संध्याकाळच्या क्रूझवरून, कर्णकर्कश गाण्यांच्या संगतीत. या नदीचा आणि शहराचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर मात्र जुन्या सचिवालयापासून कांपालपर्यंतचा काठ पायीच पाहावा, असे माझे ठाम मत आहे. पुण्याहून आलेल्या मावशीला घेऊन मी फोंड्याहून निघालो, तो याच बेताने. कदंब बसस्थानकावर उतरून आम्ही ओरें खाडीवरचा पूल ओलांडला आणि दयानंद बांदोडकर मार्गाला लागलो.

जुने सचिवालय हा मूळचा आदिलशाही राजवाडा. १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय येथे राहू लागले आणि मुक्तीनंतर, पर्वरीला नवे संकुल उभे राहीपर्यंत, गोव्याची विधानसभाही याच वास्तूत भरत असे. त्याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून गाजलेल्या या धर्मगुरूचे हे शिल्प मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवले. फारियांचे दोन्ही हात पुढे रोखलेले आहेत आणि समोरची स्त्री मागे कलंडत चालली आहे. मावशी बराच वेळ निरखत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तिला पाडतोय की सावरतोय?" माझ्या मते शिल्पाची सगळी ताकद या संभ्रमातच आहे.

येथून पुढे नदी दिसते ती तुकड्यातुकड्यांनी. पात्रात नांगरलेल्या कॅसिनोंच्या जहाजांनी समोरचा तीर झाकला जातो आणि काठावर त्यांच्या स्वागतकक्षांची व वाहनांची गर्दी असते. महसूल आणि रोजगार हे त्यांच्या बाजूचे मुद्दे मला ठाऊक आहेत. तरीही शहराचा दर्शनी काठ असा अडवला जावा, हे मला पटत नाही.

त्यावर उतारा म्हणून आम्ही पलीकडच्या तीरावरच्या बेतीच्या फेरीबोटीत चढलो. पादचाऱ्यांना तिकीट नाही. धक्क्याला बोट टेकली की पुढची लोखंडी फळी खडखडत खाली येते, आधी दुचाक्या घरंगळत बाहेर पडतात, मागून माणसे, आणि शेवटचा पाय उतरतो न उतरतो तोच चढणारे आत शिरलेले असतात. १९७० साली खुला झालेला मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पणजी आणि बार्देश यांच्यामधला भार पुन्हा फेरीबोटींवरच येऊन पडला होता. आज पात्रावर तीन पूल आहेत. २०१९ मध्ये खुला झालेला, तारांनी तोललेला अटल सेतू बोटीतून फार देखणा दिसतो. बेतीला न रेंगाळता आम्ही त्याच बोटीने परतलो.

जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत, जिच्या आवारात २००४ पासून नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची लगबग असते, ती ओलांडली की कांपालचे उद्यान लागते. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याची बाजू मांडणारे डॉक्टर आणि अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस्कु लुईस गोमिश यांचे नाव त्याला दिलेले आहे. मोठी झाडे, बसायला बाकडी आणि नदीवरून येणारा वारा. दुपारी याहून अधिक काही लागत नाही.

या काठावरची माझी सर्वांत आवडती वास्तू म्हणजे चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी. मोक्याची जागा मिळूनही या वास्तुविशारदाने उंच इमारत उभारून नदी झाकली नाही. इमारत जमिनीलगत पसरलेली आहे. रस्त्यावरून आत शिरणारा माणूस मांडवाखालून चालत थेट पाण्याकडे निघतो, मग त्याच्याकडे नाटकाचे तिकीट असो वा नसो. आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराशी आम्हा गोमंतकीय मराठी माणसांचे नाते नाट्यस्पर्धांमुळे जुळलेले आहे. गावोगावच्या हौशी मंडळींनी महिनोन्महिने तालमी करायच्या त्या या रंगमंचावर उभे राहण्यासाठी. पहिल्या अंकानंतर प्रेक्षक चहा घेऊन बाहेर येतात आणि नेपथ्यापासून पाठांतरापर्यंत सगळ्याची चिरफाड नदीच्या साक्षीने होते.

मावशीला समुद्रही पाहायचा होता. कला अकादमीपासून मिरामार चालत जाण्याजोगे आहे, पण तिचे गुडघे बोलू लागल्यामुळे आम्ही बस धरली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी तेथे किनाऱ्यालगतच आहे; ती पाहून आम्ही मिरामारहूनच परतीची बस पकडली.