हनुवटीवरचा डाग आणि घशातला आवाज

अडीच महिन्यांची मुलगी, वजन पाच किलो. आईबाबा आणि आजी हडपसरहून आलेले, हातात फाईल, फाईलमध्ये दोनदा ‘क्रूप’, म्हणजे विषाणूनं येणारी स्वरयंत्राची सूज, लिहिलेलं. वाफ दिली, स्टेरॉइड दिलं, चार दिवस बरी, परत तेच.

मी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच आवाज ऐकू आला, श्वास आत घेताना घर्रर्र. छातीतली शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना वाजते, हा आवाज आत घेतानाचा, म्हणजे अडचण वर, स्वरयंत्राच्या आसपास. टोपडं काढायला सांगितलं तर खालचा ओठ, हनुवटी, दोन्ही जबड्यांच्या कडेनं कानापर्यंत लालभडक, उंचवटा आलेला डाग, पुरुषांना दाढी येते बरोब्बर त्या जागी. हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. या जागेवर असला की श्वासनलिकेत दुसरा आहे का ते बघायचंच असतं. आणि स्टेरॉइडनं तो आतला थोडा आक्रसतो, म्हणूनच चार दिवस बरं वाटत होतं!

ईएनटीच्या मित्रानं त्याच संध्याकाळी दुर्बीण घातली. स्वरयंत्राच्या खाली एका बाजूनं फुगवटा, हवेला वाट निम्मीच उरलेली. चेहऱ्यावर एवढा पसरलेला असल्यावर फेस सिंड्रोम नाही ना हेही बघावं लागतं, म्हणजे डागाबरोबर मेंदू, तिथल्या रक्तवाहिन्या, महाधमनी, डोळे यांतही दोष नाही ना. इको लगेच झाला, एमआरआय दुसऱ्या दिवशी, डोळेवाल्यांनीही बघितलं, सगळं नीट.

मग प्रोप्रानोलॉल, एरवी हृदयासाठी आणि बीपीसाठी देतात ते औषध. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हे छापलं, एका बाळाला हृदयासाठी दिलं आणि नाकावरचा हिमॅन्जिओमाच फिका पडायला लागला. त्याआधी महिनोन्महिने स्टेरॉइड, नाहीतर गळ्याला भोक पाडून नळी. ॲडमिट करून, ईसीजी काढून, नाडी-बीपी-शुगर बघत छोट्या डोसपासून चढवलं, तिसऱ्या दिवशी घर्रघर्र बरीच कमी.

घरी पाठवताना खरी कसरत. गोळीची पूड करायची, मोजलेल्या पाण्यात ढवळायची, सिरिंजनं मोजून द्यायची, हे आईकडून माझ्यासमोर करून घेतलं. आधी दूध, मग औषध. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस द्यायचाच नाही, शुगर घसरते. एवढं सगळं झाल्यावर मेडिकलवाला बाबांना म्हणतो, “ही बीपीची गोळी आहे, बाळाला कोण देतं?” फोन करून विचार ना बाबा!

राग त्याचा नाही आला पण. दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्यांच्या लसीला हे बाळ कुठेतरी टेबलावर झोपवलं होतं, कार्डावर शिक्के आहेत. हा डाग सगळ्यात जोरात वाढतो तो याच काळात. आईनं दोन्ही वेळा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर “आपोआप जातो”. जातो की, पण काही वर्षांनी, तोवर घशातल्याचं काय? मांडीत सुई टोचताना तोंडाकडे बघायला किती वेळ लागतो हो?

आजींचं म्हणणं, सुनेनं ग्रहणात भाजी चिरली. मी सुनेसमोरच ठणकावून सांगितलं की ग्रहणाचा काही संबंध नाही. “बरं” म्हणाल्या, आणि उठता उठता विचारलं, औषधाबरोबर हळद-चंदनाचा लेप लावला तर चालेल ना? नको म्हटलं आजी, ओठाची कातडी फुटली तर बाळ दूध ओढणार नाही, आणि दूध नाही तर गोळी पण नाही.