खाकरून आत

गोठ्यात शिरताना मी खाकरतो. घसा साफ असला तरी. दारात एकदा, गव्हाणीपाशी एकदा, आणि मागच्या बाजूने जायची वेळ आलीच तर "सरक गं, सरक बाई" असं काहीबाही बडबडत. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला कफ झालाय.

हे मला एका लाथेने शिकवलं. फौजेतून निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता. पहाटे धार काढायला निघालो तो पायांना वर्षानुवर्षं लागलेल्या वळणानेच. टाच अलगद टेकायची, आवाज करायचा नाही, समोरच्याच्या पाठीमागून जायचं. पुढच्या क्षणी बादली गडगडत दारापर्यंत गेलेली, मी शेणात बसलेलो, आणि गाय मान वळवून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो. कोण होतं, एवढंच तिला बघायचं होतं.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न हलवता तिला भोवतालचं जवळजवळ 330 अंशांतलं दिसतं. दिसत नाही तो शेपटीमागचा चिंचोळा पट्टा. म्हणजे अख्ख्या गोठ्यात लपून जाण्याजोगी जागा ती एकच, आणि इतक्या वर्षांच्या कवायतीने मला तीच बरोबर गाठून दिली.

तसं फौजेतलं बरंच काही इथे चालून जातं. सुट्टी नाही, पाऊस असो वा ताप, दोन वेळची धार चुकत नाही. बिगूल नसतो; कास भरली की हंबरडा असतो, आणि त्याला उद्या बघू म्हणता येत नाही. आमचा धंदा तसा जुनाच. वेदांत लढाईला 'गविष्टी' असा एक शब्द आहे, मूळ अर्थ गाईंची इच्छा. आणि अज्ञातवासात तलवार ठेवून विराटाच्या गाई सांभाळणारा सहदेव तर आमचा थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही! त्यानेही लाथ खाल्ली असेल का, कोण जाणे.

मोडीत काढावी लागली ती फक्त न दिसण्याची विद्या.

प्रत्येक जनावराभोवती एक हद्द असते. कुंपण नाही, खांब नाही, पण असते. आपण हद्दीत पाऊल टाकलं की ते सरकतं, आपण मागे झालो की थांबतं. रोज अंगावरून हात फिरणाऱ्या गाईची हद्द उरतच नाही. नवख्या कालवडीची अंगणभर असते. शिवाय खांद्यापाशी एक रेघ. तिच्या मागे उभे राहिलात तर गाय पुढे चालते, पुढे गेलात तर मागे हटते. आरडाओरडा, काठी काही लागत नाही. दोन पावलं लागतात, तीही तिला दिसतील अशी. मी हद्दीवर उमेदीची वर्षं काढली, पण हद्द इतक्या बारकाईने वाचली नव्हती.

आणि नाही वाचली तर दूध सांगतं. भेदरलेली गाय पान्हा चोरते. सडांना हात लागल्यावर, वासरू दिसल्यावर जो पान्हा फुटायचा, तो भीतीने अडतो. कास टम्म असते आणि हाती चार धारा येतात. हुकूम देऊन पान्हा फुटत नाही, हे कळायला माझ्यासारख्या माणसाला जरा वेळ लागला.

घरात एकच प्रसंग घडला होता, त्याच सुरुवातीच्या दिवसांत. मी कुशीवर झोपलो होतो आणि हिने पाठीमागून खांद्याला हात लावला. पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटून दारापर्यंत गेला. ही काही बोलली नाही, मीही नाही. तांब्याला पोचा आहे अजून.

गाय साधारण 283 दिवस गाभण असते, पण 'साधारण' हा शब्द गाईला ठाऊक नाही. दिवस भरले की आम्ही पहारा वाटून घेतो: अर्धी रात्र हिची, अर्धी माझी. आधी पुढचे दोन खूर दिसायला हवेत, त्यांवर टेकलेलं नाक. तसं असलं तर बहुतेक वेळा आपण दूर उभं राहायचं असतं. वासरू बाहेर आलं की मात्र घाई, चीक वेळेत पोटात गेला पाहिजे. त्यातली रोगाशी लढायची ताकद वासराच्या आतड्यातून रक्तात उतरते ती पहिल्या दिवसापुरतीच, आणि तीही तासातासाने घटत जाते.

परवा असाच पहारा होता. माझी पाळी उत्तररात्रीची. झोपेतच दारात खाकरल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा एकदा, जरा आत. इतकी वर्षं मी समजत होतो, हिला वैरणीच्या धुळीचा त्रास आहे. पाठीकडची वाट जवळची होती, पण ही पलंगाला वळसा घालून माझ्या तोंडासमोर आली, दोन पावलांवर थांबली.

"अहो," ती म्हणाली, "खूर दिसायला लागलेत."