'आपोआप जातात' म्हणे!

कोंबड्या पाळतोय म्हटलं की ज्याला त्याला एकच गोष्ट सांगायची असते. अरे काही नाही रे, संध्याकाळ झाली की आपोआप खुराड्यात जातात, तू फक्त दार लाव. मला असं सांगणारे पाच जण आहेत आणि त्या पाचही जणांना मी एकदा रात्री नऊ वाजता पेरूच्या झाडावर चढवणार आहे, दातात मोबाईल धरून.

आम्ही गोराई गावात राहतो, बैठं घर, मागे जरा जागा. सात तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या आणल्या, अडीच महिन्यांच्या, लसी झालेल्या. खाणं-पाणी, आजारपण ह्यात काहीच अडलं नाही. खुराडं तयारच घेतलं, लाकडी, हिरवा रंग, वर कौलांसारखं छप्पर, दिसायला एकदम झकास. तिथेच माती खाल्ली.

पहिल्या संध्याकाळी एकही आत गेली नाही. तिघी पेरूवर, दोघी कुंपणाच्या भिंतीवर, एक हिच्या ॲक्टिव्हाच्या सीटवर आणि सातवी सापडेचना, शेवटी धुण्याच्या दगडामागे मिळाली. मी आपला हुश हुश करत मागे धावतोय, शेजारची पोरं हसतायत. असं धावू नका, एकदा पिटाळलं की दुसऱ्या दिवशी आपल्याला बघूनच लांब पळतात. पूर्ण अंधार होऊ द्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, दगडासारखी बसून असते, तेव्हा दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलायची. हातात ऊबदार गोळा, कुर्रर्र असा बारीक आवाज, जरा धडधड, बस. खुराड्यातल्या दांडीवर टेकवली की बोटं आवळून बसते. एवढंच काय ते आपोआप.

पण हे रोज कोण करणार? मी अंधेरीहून निघून ट्रेन, मग खाडीची बोट, घरी पोचेपर्यंत आठ. चहा न पिता झाडावर. सहाव्या रात्री कंटाळलो, म्हटलं एक दिवस राहू देत बाहेर. सकाळी भिंतीवरच्या दोघींतली एक नव्हती, गटाराकडे नुसती पिसं. बोका असणार. त्या दिवशी ही माझ्याशी धड बोलली नाही आणि बरोबरच होतं तिचं.

नवव्या संध्याकाळी पलीकडच्या मावशी आल्या, माझा तमाशा बघितला आणि म्हणाल्या, "तू स्वतः कधी आत डोकं घालून बघितलंस का रे?"

घातलं. आत मिट्ट काळोख आणि बाहेर रस्त्यावरच्या दिव्यामुळे अख्खं अंगण लख्ख. उजेडातून उठून काळ्या भोकात कोण जाईल, मी तरी गेलो नसतो. शिवाय दांडी म्हणून प्लास्टिकचा गोल गुळगुळीत पाइप, आणि अंडी घालायचा खोका त्या पाइपाच्या वर! कोंबडीला झोपायला सगळ्यात उंच जागा लागते, रानकोंबड्या झाडावरच रात्र काढतात, तीच खोड. म्हणजे गेली असती तरी खोक्यात झोपून तो घाण करून ठेवला असता. इतके पैसे घेणाऱ्या माणसाने एक कोंबडी तरी झोपलेली बघितली होती का, देव जाणे.

पाइप काढला, दोन इंची चौकोनी लाकडी रीप आणली, कडा घासून घेतल्या, दोन फूट उंचीवर ठोकली. एकीला साधारण नऊ इंच धरा, सहा जणींना साडेचार फूट. तेवढी रुंदी नव्हती म्हणून दोन रिपा, पण एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या जागेसाठी मारामारी. खोका खाली घेतला. आणि आत झिरोचा बल्ब, सूर्य मावळायच्या आधी लावायचा, सगळ्या बसल्या की बंद. संध्याकाळचं खाणं बाहेर द्यायचं नाही, मूठभर कणी आत टाकायची.

हां, आणि हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, नव्या कोंबड्या चार-पाच दिवस आतच कोंडून ठेवा, खाणं-पाणी तिथेच. हे घर आपलं हे त्यांच्या डोक्यात बसतं. मी आणल्या आणल्या अंगणात सोडल्या, फोटो काढायची घाई!

कोंडून ठेवल्यानंतर सोडल्या त्या संध्याकाळी चौघी स्वतःहून चढल्या. मी दारामागे श्वास धरून उभा. मुलगी दहावी पास झाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता, तिला सांगू नका.

षटकोनी जाळीवर विसंबू नका, ती कोंबडी आत ठेवते, बोक्याला थांबवत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. खाली कोबा करा, नाहीतर घूस जमीन पोखरून येते. हवेची फट छपराखाली, कोंबडीच्या डोक्याच्या वर ठेवा, पण पावसाळ्यात झड येते त्या बाजूला नको. रिपेच्या फटीही अधूनमधून तपासा, रात्री रक्त पिणारे बारीक किडे दिवसा तिथेच लपतात.

बल्बची वेळ बदलत राहते. जुलैत इथे सव्वासातनंतर सूर्य मावळतो, आता डिसेंबरात सहालाच. म्हणून दार हीच लावते आणि मी बोटीत असताना फोनवर फक्त आकडा सांगते. काल "पाच" म्हणाली. सहावी ॲक्टिव्हावर होती.