शिकाऊ उमेदवार आणि आमची टूलरूम: आमची वाटचाल

शिकाऊ उमेदवार घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही हिशेब मांडला तो फक्त स्टायपेंडचा. तिथेच चुकलो. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांना लागणारी साधनं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, वीस माणसं. काम प्रेस टूल (पत्रा कापायचे-वाकवायचे साचे), जिग-फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी साधनं) आणि थोडं सुटं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं. अशा ठिकाणी खरा खर्च शिकवणाऱ्या मिस्त्रीच्या वेळेचा असतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

कायद्याची बाजू आधी उरकतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. कंत्राटी माणसं धरून एकूण संख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत घेता येतात, म्हणजे आमच्या वाट्याला तीन जागा. त्याच नियमांत किमान मासिक स्टायपेंड दहावी पासला ६,०००, आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरला. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. भरती करताना चालू दर सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर बघून घ्यावा. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. आपला वाटा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बँकेतून गेला पाहिजे. पीएफ-ईएसआय लागत नाही, पण अपघात झाला तर भरपाई मालकावर. त्यामुळे विमा पहिल्या दिवसापासून हवा.

पोर्टलवर अडतं ते नावावर. आधारवर एक, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर दुसरं, बँकेत तिसरंच. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर सरकारचा वाटा येत नाही आणि मुलाला वाटतं मालकाने कापला. करार आपण भरला तरी मुलाने त्याच्या लॉगिनमधून मान्य करावा लागतो. ते राहिलं तर तो कामावर येत असूनही कागदावर उमेदवार नसतो. आता आम्ही तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय रुजूच करून घेत नाही.

सुरुवातीला मुलांना बर (धातूच्या कडेची कुसळं) काढायला आणि पॅकिंगला लावायचो. चार महिन्यांत मुलगा निघून जायचा, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मग पद्धत बदलली: एका मिस्त्रीकडे दोनच मुलं, आणि पहिले तीन महिने त्या मिस्त्रीचं टार्गेट पाव भागाने कमी. हे केल्याशिवाय बाकी काही बदलून उपयोग नाही. टार्गेट तेच ठेवलं तर मिस्त्री मुलाला लांब उभा करतो, कारण मुलाने बिघडवलेला जॉब शेवटी त्याच्याच नावावर चढतो.

पहिला महिना बेंचवर जातो. एमएसचा (साध्या पोलादाचा) ५० बाय ५० मिलिमीटरचा तुकडा कानशीने काटकोनात आणायचा, व्हर्नियरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचायला शिकायचं. आयटीआयमध्ये हे झालेलं असतं, पण परीक्षेपुरतं. मग टॅपिंग, म्हणजे टॅपने भोकात आटे पाडणं. एम१० ला (१० मिलिमीटरच्या आट्याला) ८.५ चा ड्रिल, एम८ ला ६.८, एम६ ला ५. टॅप मोडतो त्याची कारणं ठरलेली: ड्रिल बारीक घेतला, टॅप तिरका धरला किंवा अर्धा फेरा पुढे गेल्यावर पाव फेरा मागे घेतला नाही. डॉवेलच्या (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनेच्या) ८ मिलिमीटरच्या एच७ भोकाला सहनशीलता, म्हणजे मापात चालणारा फरक, फक्त १५ मायक्रॉनची (०.०१५ मिलिमीटर). ७.८ ने ड्रिल करून मग रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), वेग कमी, तेल भरपूर, आणि बाहेर काढतानाही रीमर उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की चुरा धारेत अडकतो, भोकाला ओरखडे पडतात आणि धारही जाते. टॅपला उलटा फेरा शिकवलेला असतो, म्हणून मुलं रीमरलाही तेच करतात. या दोन गोष्टी एकाच दिवशी शिकवू नयेत.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लेथ आणि मिलिंग. चकमध्ये (लेथवर जॉब पकडणाऱ्या जबड्यात) चावी राहिली तर मशीन बंद, त्या दिवशी पुन्हा चालू करायचं नाही. ड्रिलवर हातमोजे नाहीत, चुरा ब्रशनेच काढायचा. मिलिंगचा व्हाइस (शिकंजा) डायल लावून १५० मिलिमीटरमध्ये ०.०२ च्या आत सरळ आणायला मुलगा आधी तासभर घेतो, महिन्याने दहा मिनिटं.

सीएनसी चौथ्या महिन्याआधी नाही. आमच्याकडच्या फानुक कंट्रोलरवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) एक्स१० असं टिंबाशिवाय लिहिलं तर मशीन ते १० मायक्रॉन धरतं, १० मिलिमीटर नाही. ऑफसेटमध्ये (टूलचं माप भरतात तिथे) असं एक टिंब राहिलं तर टूल जॉबमध्ये घुसतं. म्हणून पहिला पीस नेहमी सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ चालवून), रॅपिड म्हणजे मोकळ्या हालचालीचा वेग २५ टक्क्यांवर आणि मिस्त्री शेजारी. ओव्हरटाइम उमेदवाराला लावायचा नाही. शिकाऊ सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय कायद्याने तो चालत नाही.

पालक विचारतात, इंजिनिअरिंगला घातलं तर? गणित आवडणाऱ्या, डिझाइनकडे ओढा असलेल्या मुलाला आम्ही अडवत नाही, त्याने कॉलेजच करावं. पण मिळेल त्या शाखेत चार वर्षं फी भरायची असेल, तर दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय आणि एक वर्ष शिकाऊ उमेदवारी हा रस्ता जास्त सरळ आहे. साधारण एकोणिसाव्या वर्षी अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हातात येतं. पुढची दारंही बंद होत नाहीत. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी कॉलेज दिवसभराचं, म्हणजे नोकरी सोडावी लागते. नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. जिथे नुसती पदवी मागतात तिथे ती चालते, पण इंजिनिअरिंगची जागा ती घेत नाही. हे पालकांना करार करण्याआधीच सांगावं.

परीक्षेत आमची मुलं प्रॅक्टिकलला अडत नाहीत, अडतात ती ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशनला. म्हणून शनिवारचे शेवटचे दोन तास कागद-पेन्सिलचे. लॉगबुकही (उमेदवाराच्या कामाची नोंदवही) तेव्हाच भरून सही होतं. महिनाअखेरीला एकदम भरलेलं लॉगबुक सगळं एकाच शाईत असतं आणि लगेच ओळखू येतं.

वर्ष संपल्यावर मुलाला ठेवून घ्यायचं बंधन आपल्यावर नाही आणि राहायचं त्याच्यावरही नाही. ज्याला ठेवायचं त्याला आम्ही पगाराचा आकडा दहाव्या महिन्यातच सांगतो. परीक्षेनंतर सांगितला तर तोवर त्याचा बायोडेटा चाकणच्या दोन-चार गेटांवर पोहोचलेला असतो.