पाचशे डॉलरचा गार्ड, चोवीस वर्षांचा काउंटी कमिशनर

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या जुन्या सिटी हॉलमध्ये पाहुणे मिसिसिपी नदीच्या संगमरवरी पुतळ्याच्या पायाचा अंगठा चोळतात, फोटो काढतात आणि निघतात. याच इमारतीतून पूर्वी शहराबरोबर हेनेपिन काउंटीचाही कारभार चाले. काउंटी बोर्ड म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद: रस्ते, मालमत्ता कर, गरिबांची मदत. या बोर्डावर 1924 ते 1948 अशी चोवीस वर्षं विल्यम 'पज' हेफेलफिंगर बसला. इथल्याच बुटांच्या कारखानदाराचा मुलगा, येल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा गाजलेला गार्ड. 1930 मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभा राहिला आणि पडला. काउंटीने मात्र त्याला सोडलं नाही.

फुटबॉल म्हणजे इथला लंबगोल चेंडूचा. तेव्हा फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, नव्हतं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू गेला. गार्डने मधल्या फळीत ठाण मांडून समोरच्याला रेटायचं, एवढीच अपेक्षा. पज जागा सोडून बाहेर धावायचा आणि चेंडूवाल्याच्या पुढे वाट मोकळी करायचा. आजचे गार्ड सर्रास करतात ते हेच.

12 नोव्हेंबर 1892 ला पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने त्याला पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबविरुद्ध उतरवलं. पैसे घेऊन खेळणं नियमाबाहेर होतं, पण पळवाटा भरपूर. क्लब खेळाडूला घड्याळ 'बक्षीस' देई, तो ते गहाण टाकून वीसेक डॉलर उचले, क्लब घड्याळ सोडवून पुढच्या सामन्याला तेच पुन्हा देई. प्रवासखर्च दुप्पट दाखवणं तर नेहमीचंच. पजने असली नाटकं न करता रोख 500 डॉलर घेतले, वर 25 प्रवासाचे. गंमत म्हणजे तो उतरला म्हणून बोंब मारणाऱ्या पिट्सबर्ग क्लबनेही आधी त्याच्यासाठी गळ टाकला होता. भांडणात वेळ गेला, पैजा रद्द झाल्या, अंधारामुळे उत्तरार्ध अठरा मिनिटांत आटोपला. निकाल 4-0. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याला, तेव्हा चारच गुण मिळत, आणि तो एकमेव टचडाउन पजचा: प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून तो धावत सुटला.

क्लबचा हिशेबनीस मात्र प्रामाणिक निघाला. खर्चाच्या कागदावर त्याने 'सामन्यातील कामगिरीबद्दल हेफेलफिंगरला रोख' असं सरळ लिहून ठेवलं. एवढं देऊनही क्लबला सहाशेवर डॉलर उरले. हा कागद उजेडात आला 1960 च्या दशकात, आणि पज वारला 1954 मध्ये. म्हणजे मतदारांना माहीत होता तो येलचा हिरो. या कागदाने पज पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला; तोवर त्या जागी पेनसिल्व्हेनियातल्याच लॅट्रोबच्या जॉन ब्रेलियरचं नाव घेतलं जाई. ब्रेलियरला 1895 मध्ये मिळाले होते दहा डॉलर आणि खर्च!

तो कागद आता ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात आहे. पिट्सबर्गहून गाडीने दोनेक तास.