भरतीचे वेळापत्रक आणि दोन किलोची लेन्स

मार्च महिन्यातील एका सकाळी, भाड्याने आणलेली १५०-६०० मिलिमीटरची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितका पल्ला लांब) पाठीवरच्या पिशवीत घेऊन मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली आणि ऐरोलीला उतरले. जवळजवळ दोन किलो वजनाच्या त्या लेन्सवर अनामत रक्कम ठेवली होती, त्यामुळे गर्दीत पिशवी पुढे घेऊन तिला मांजराच्या पिलासारखे दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते. खाडीतील फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, यांची छायाचित्रे मला गेली दोन वर्षे मनासारखी मिळत नव्हती आणि त्याचे खापर मी माझ्या २५० मिलिमीटरवर संपणाऱ्या लेन्सवर फोडले होते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीची वेळ भरतीवर ठरते. त्या दिवशी ती भर दुपारची होती. मी सुमारे पाचशे छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिली, तेव्हा त्यांतील एकाही पक्ष्याचा डोळा स्वच्छ दिसत नव्हता.

त्यानंतर एप्रिलमधील एका रविवारी, भरतीची वेळ साधारण नऊची आहे हे पाहून, मी सातच्या सुमारास सीवूड्सजवळच्या, डीपीएस तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळ भागाशी जाऊन उभी राहिले. भाड्याची लेन्स परत गेली होती आणि कॅमेऱ्याला माझी नेहमीची ५५-२५० लावलेली होती. खाडीचे पाणी चढू लागले तसे चिखलावर चरणारे थवे तेथून उठून आत येऊ लागले, आणि त्यांतील काही पक्षी बांधापासून चाळीसेक मीटरवर उतरले. त्या सकाळच्या छायाचित्रांत पिसांची कड मोजता येते.

ज्या लेन्सने मला निराश केले होते तिनेच मला हवे ते दिले, याचा उलगडा करण्यासाठी थोडे गणित मांडावे लागले. अंतर निम्मे झाले तर चौकटीत पक्षी दुप्पट मोठा दिसतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून शंभर मीटरवरचा रोहित जेवढा दिसेल, जवळजवळ तेवढाच तो २५० मिलिमीटरच्या लेन्समधून बेचाळीस मीटरवर दिसतो. मात्र शंभर मीटरच्या मध्ये जी हवा असते ती लेन्सबरोबर भाड्याने बदलून मिळत नाही. दुपारी तापलेल्या चिखलावरून निरनिराळ्या तापमानांच्या हवेचे थर वर सरकत असतात, त्यांतून येणारा प्रकाश सतत वेडावाकडा वळतो, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितकी ती ही थरथरही मोठी करून दाखवते. यावर महागडी काचही उपाय करू शकत नाही. शिवाय बोट हलत होती. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, एपीएस-सी या लहान आकाराचा, कॅननच्या हिशेबाने दृश्य १.६ पट जवळ आणणारा, असल्यामुळे ६०० मिलिमीटरचा दृश्यकोन ९६० मिलिमीटरसारखा होतो आणि हातातून घेताना शटर १/१००० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ उघडे ठेवावे लागते. लेन्समधील स्टॅबिलायझर हाताचा कंप सावरतो, पण पक्षी उडू लागला की त्याचा उपयोग संपतो आणि १/१६०० च्या पुढे जावेच लागते. बोटीत तिपाई ठेवण्याचा प्रयत्नही मी केला होता. इंजिनाचा कंप तिपाईच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात पोहोचतो, एवढे ज्ञान त्यातून मिळाले. माझे हात आणि गुडघे हे त्याहून बरे शॉक-ॲब्सॉर्बर ठरले.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेव्हापासून हिवाळ्यात या किनाऱ्यावर लांबलचक लेन्सची संख्याही वाढली आहे. मला त्या लेन्सचा हेवा वाटत नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांना खोल खाडीतील शिकारी पक्षी टिपायचे आहेत, ज्यांच्याकडे वाहन आहे आणि ज्यांचे खांदे शाबूत आहेत, त्यांच्यासाठी ती लेन्स योग्यच आहे. मी मात्र बँकेत नोकरी करते, शनिवार-रविवारी लोकलने फिरते, आणि जी वस्तू नेण्याचा कंटाळा येऊन मी घरी ठेवीन ती माझ्या उपयोगाची नाही.

त्या प्रकरणाच्या बऱ्याच आधी, ५५-२५० घेण्यापूर्वी, मी एक काम केले होते जे कॅमेरा घेतल्या घेतल्या करायला हवे होते. प्रत्येक डिजिटल छायाचित्रात ते किती मिलिमीटरवर घेतले याची नोंद आपोआप साठवलेली असते. मी कॅमेऱ्याबरोबर आलेल्या जुन्या १८-५५ किट लेन्सने घेतलेली दोन वर्षांची छायाचित्रे संगणकावर लावली आणि नोंदी वाचत गेले. अपेक्षेप्रमाणे मधल्या आकड्यांवर फारच थोडी छायाचित्रे होती आणि बहुतेक सारी १८ किंवा ५५ या दोन टोकांना साचली होती. पहिल्या नजरेत याचा अर्थ ‘आणखी लांब आणि आणखी रुंद लेन्स घ्या’ असा होतो, आणि बहुतेक जण तेथेच थांबून दुकानाचा रस्ता धरतात. मी ५५ वरची छायाचित्रे एकेक करून उघडली तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट पडले. एका गटात ठाण्यातील तलावपाळीवरचे बगळे आणि खंड्या होते, जे मी नंतर कापून मोठे केले होते. येथे पल्ला खरोखरच कमी पडत होता. दुसऱ्या गटात माणसे होती: भाचीच्या नृत्याचे कार्यक्रम, आजीचा ऐंशीवा वाढदिवस, संध्याकाळच्या खोलीतील चेहरे. तेथे पल्ला पुरेसा होता, कमी पडत होता तो प्रकाश. एकाच आकड्याखाली दोन वेगळ्या उणिवा दडल्या होत्या आणि त्यांची औषधेही वेगळी होती.

पहिल्या उणिवेवर ५५-२५० आली. ती मी वापरलेली घेतली, पण त्याविषयी पुढे लिहिते. दुसरीवर ५० मिलिमीटर एफ १.८ ही लहानशी प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स आली, जी वजनाने अवघी १६० ग्रॅमची आहे. तिची खरी परीक्षा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये भाचीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमात झाली. किट लेन्स ५५ वर नेली की तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). रंगमंचावरच्या त्या पिवळसर प्रकाशात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० करूनही, शटर १/३० सेकंदाच्या वर जात नव्हते, आणि १/३० मध्ये नर्तिकेचा हात म्हणजे धुराची रेषा. एफ १.८ मधून एफ ५.६ च्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो, म्हणून तेच शटर १/२५० च्या वर नेता आले आणि मुद्रेतील बोटे वेगवेगळी दिसली. मात्र इतक्या उघड्या ॲपर्चरला स्पष्टतेची खोली फार कमी असते. दोघी नर्तिका मागे-पुढे उभ्या राहिल्या की एकीचाच चेहरा लख्ख येतो. त्यामुळे समूहनृत्याला मी एफ २.८ वर गेले आणि आयएसओ वाढवून थोडा खरखरीतपणा पत्करला. फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. नाट्यगृहात तो शिष्टाचाराला धरून नाही आणि पाचव्या रांगेपासून रंगमंचापर्यंत जाईतो त्याचा जीवही उरत नाही.

१८ च्या टोकाला साचलेल्या छायाचित्रांसाठी मी १०-१८ ची रुंद लेन्स जवळजवळ मागवली होती. पुन्हा तपासल्यावर लक्षात आले की त्यांतील बहुतेक छायाचित्रे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतील होती, आणि मी गर्दीपासून लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळेच चौकटीत कोंबायला पाहत होते. पुढच्या पाडव्याला २४ मिलिमीटरची चपटी लेन्स, जी माझ्या सेन्सरवर साधारण ३८ सारखी दिसते, घेऊन कौपिनेश्वर मंदिराजवळच्या गर्दीत मधोमध शिरले. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका मोठी लेन्स रोखली की पोज देतात. या १२५ ग्रॅमच्या चकतीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, आणि मला हव्या होत्या त्या हेल्मेटखाली गजरा सावरतानाच्या हालचाली मिळाल्या.

तिपाई, फिल्टर वगैरेंविषयी थोडक्यात सांगते. सर्वांत स्वस्त तिपाई मी घेतली होती आणि तलावपाळीच्या दिवाळीतील रोषणाईच्या वेळी ती वाऱ्याने डोलत होती. दुसरी घ्यावीच लागली, म्हणजे स्वस्तातली महागात पडली. लेन्सच्या संरक्षणासाठी म्हणून लावलेल्या स्वस्त यूव्ही फिल्टरमुळे रात्रीच्या दिव्यांची हिरवट भुते चौकटीत उमटत असत. मी तो काढून टाकला आणि हूड कायम लावून ठेवू लागले, जो धक्क्यापासूनही वाचवतो. पोलरायझर हा चकाकी कापणारा फिल्टर मात्र पावसाळ्यात येऊरच्या जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावा. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो पुसतो आणि खालचा हिरवा रंग वर आणतो. तो परिणाम नंतर संगणकावर मिळवता येत नाही. त्याच्यामुळे दीडएक स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे साधारण एक तृतीयांशच उरतो, एवढे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर बुरशीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ठाण्या-नवी मुंबईत राहणाऱ्या हौशी माणसाचे सर्वाधिक नुकसान तीच करते आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझी जुनी किट लेन्स मी एका जूनमध्ये कॅमेऱ्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि सप्टेंबरात काढली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. दोष सर्वस्वी माझा होता. पिशवीचा फोम ओलावा धरून ठेवतो, कपाटात अंधार असतो, आणि आपल्याकडे त्या महिन्यांत हवेतील आर्द्रता बुरशीला पोषक पातळीच्या खाली क्वचितच उतरते. बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप खाते. लेन्स उघडून बुरशी पुसता येते, पण खाल्लेला लेप परत येत नाही. आता मी लेन्स हवाबंद डब्यात ठेवते. तो डबा मुळात तूरडाळीचा होता आणि त्याच्या मालकीवरून आमच्या घरी अजूनही अधूनमधून चर्चा होते. आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक असतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. फार खाली गेला तर रबर आणि आतले वंगण सुकते, हेही तितकेच वाईट. केशरी दाणे हिरवट पडले की ते मंद आचेवर, स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या कढईत, तापवून पुन्हा कोरडे करता येतात. आणखी एक सवय लावून घेतली आहे. वातानुकूलित खोलीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. थंड काचेवर लगेच बाष्प धरते, म्हणून तो बंद पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यायचा.

या बुरशीनेच मला वापरलेली लेन्स पारखायला शिकवले. ५५-२५० मी फोर्टातील बोरा बाजारात घेतली. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरपा धरून, दुकानाच्या सावलीच्या कोपऱ्यात, पुढून पाहिले की तंतू, धूळ आणि ओरखडे वेगवेगळे ओळखू येतात. धुळीचे चार कण छायाचित्रात दिसत नाहीत, त्यांच्यावरून मी घासाघीस केली. तंतू दिसला असता तर तशीच परत फिरले असते. झूमची कडी पूर्ण फिरवून पाहिली, ऑटोफोकस जवळच्या आणि लांबच्या दोन्ही वस्तूंवर लावून पाहिला, आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेली दहा छायाचित्रे तेथेच उभे राहून मोठी करून तपासली. दुकानदार कंटाळले, पण त्यांनी खुर्ची दिली.

आता सगळेच मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळत असताना जुन्या माउंटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बैठकीच्या, लेन्स घ्याव्यात का, असे मला ओळखीतल्या दोघांनी विचारले. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांतील अंतर ४४ मिलिमीटर असते, तर मिररलेसच्या आरएफमध्ये ते २० आहे. मधल्या २४ मिलिमीटरच्या जागेत काच नसलेला अडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स नव्या बॉडीवर ऑटोफोकससह चालते. उलट दिशेने मात्र हे जमत नाही. त्यामुळे मी जुन्या लेन्स निर्धास्त वापरते आणि बॉडी बदलायची घाई करत नाही. तिन्ही लेन्सचे मिळून वजन ६६० ग्रॅम भरते. बँकेच्या पिशवीत डब्याशेजारी त्या मावतात.

सध्या मन मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या, लेन्सवर गेले आहे, कारण पाऊस सरला की घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांची रेलचेल असते. पण या खेपेला आधी हिशेब केला. माझी ५५-२५० ही ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येऊ शकते आणि तेथे ०.२९ पट प्रतिमा देते. म्हणजे अडीच सेंटिमीटर पंखांचे एखादे निळे फुलपाखरू २२ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर सात मिलिमीटर, चौकटीच्या सुमारे एक तृतीयांश, जागा व्यापेल. एवढ्यावर या ऑक्टोबरात काय मिळते ते पाहणार आहे. सकाळी लवकर, पंखांवर दव असताना, फुलपाखरे हलत नाहीत असे ऐकले आहे, तेव्हा पहाटे निघावे लागेल.